कार्ड फाटकावर जमा

गेट नंबर सत्तावीसवर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी कुक होतो. सीमेवरच्या बटालियनमध्ये माझी भरती आठवी पासवर झाली. नववीत दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा बसायची सोय जतकडच्या आमच्या गावात नव्हती, आणि माझ्यात हिंमतही नव्हती. तेव्हा ट्रेड्समन म्हणून आठवीवाले घेत असत. मला पोळ्या लाटायला घेतलं, वर्दी दिली, तीन वेळचं जेवण दिलं. त्या उपकाराबद्दल मी आजही वाकडं बोलत नाही.

लिहायला बसलो ते वसईजवळ उमेळ्याच्या आमच्या टॉवरमध्ये ऑक्टोबरात जे झालं त्यामुळे. लतीफ मंडल नावाच्या लादी बसवणाऱ्या कारागिराला वीस-बावीस लोकांनी बांगलादेशी ठरवून बदडलं. मी तिथे सिक्युरिटी सुपरवायझर आहे. लोक मला फौजी म्हणतात. त्या दिवशी एकाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "फौजी, तुमचंच काम आज आम्ही केलं." माझं काम काय होतं ते त्याला माहीत नाही. तुम्हालाही नसेल. म्हणून आधी ते सांगतो. लिहिताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं की तार म्हणजे बॉर्डर. तसं नाही. उत्तर बंगालमध्ये आमची तार बांगलादेशच्या खऱ्या हद्दीपासून दीडशे यार्ड आत होती. तारेच्या पलीकडे आपलीच जमीन, आपल्याच शेतकऱ्यांची. मोहरी, बटाटा, ताग. त्या शेतात जायचं तर तारेतल्या गेटमधून जायचं. गेट सकाळी सात ते आठ उघडं. दुपारी चार ते पाच उघडं. बाकी वेळ कुलूप. शेतकरी यायचा, आपलं ओळखपत्र आमच्याकडे जमा करायचा, आम्ही त्याला पितळेचं टोकन द्यायचो. परत आला की टोकन घ्यायचं, कार्ड द्यायचं. म्हणजे बघा, दिवसभर चाळीस-पन्नास भारतीय माणसं तारेच्या पलीकडे काम करायची आणि एकाच्याही खिशात आपण कोण याचा कागद नसायचा. कागद आमच्या पेटीत.

जवान कमी होते, म्हणून सकाळचा नाश्ता उरकला की मला गेटवर पेटी सांभाळायला बसवत. गेट कमांडर नायक सिराजुल मंडल. मुर्शिदाबाद जिल्ह्यातला. उंच माणूस, खुर्ची असून बसायचा नाही. पहिल्याच दिवशी त्याने माझं रजिस्टर बघितलं.

"ये क्या लिखा है?"

"नाव लिहिलंय, उस्ताद."

"नाम है? मुझे लगा मच्छर मारा है."

नंतर पंधरा दिवस रोज दुपारी त्याने माझ्याकडून आकडे आणि नावं गिरवून घेतली. शाळेत मार खाऊन जे जमलं नाही ते त्याच्या टोमण्यांवर जमलं. माझ्या पोळीवरून तर तो रोज बोलायचा. "कुक, तेरी रोटी से तार नरम है. किसी दिन घुसपैठिया रोटी देख के वापस जाएगा." आज मी जे चार शब्द सरळ लिहितोय ते त्याच्यामुळे.

त्याचा एक नियम होता. गेट बंद करायच्या आधी कार्ड तो स्वतः मोजायचा. सगळी परत गेली असतील तरच कुलूप. मी एकदा म्हटलं, "उस्ताद, टोकन मोजली तरी तेच की." तो म्हणाला, "टोकन लोहा-पीतल है. कार्ड आदमी है. जब तक कार्ड मेरी पेटी में है, आदमी मेरे जिम्मे है."

चोरून येणारेही सापडायचे. महिन्यात दोन-तीन वेळा तरी. दलाल कटरने तार कापायचे आणि दहा-पंधरा माणसं एका दमात आत घालायचे. त्यांना पकडणं हे आमचं काम होतं आणि ते आम्ही चोख केलं. पकडलेल्याला पाणी द्यायचं, नाव-गाव लिहायचं, झडती घ्यायची, वर कळवायचं. आपला निघाला तर घरी. तिकडचा निघाला तर दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या फ्लॅग मीटिंगमध्ये सही घेऊन त्यांच्या ताब्यात. भाषा ऐकून कोणाला काही ठरवता यायचं नाही. तारेच्या दोन्ही बाजूंना बोली एक, लुंगी एक, भाताचा वासही एक. ठरायचं ते तपासून. कधी दोन तास लागायचे, कधी दोन दिवस. सिराजुल स्वतः घरी तीच भाषा बोलायचा.

डिसेंबरची अखेर होती. धुकं सकाळी हटलंच नाही. सकाळी एक्केचाळीस कार्डं जमा झाली. दुपारी चारला गेट उघडलं. लोक एक एक करून आले. चार पंचावन्नला सिराजुलने पेटी मोजली. एक कार्ड उरलं होतं. हरेन बर्मन, वय बासष्ट. मोहरी त्याची. सकाळी मला म्हणाला होता, आज घरी भापा पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले गोड गोळे, केलेत, उद्या तुला आणतो.

सिराजुलने वायरलेस सेट हातात घेतला.

"कंपनी, गेट सत्तावीस. एक कार्ड बाकी. ओव्हर."

"किसका? ओव्हर."

"हरेन बर्मन. ओव्हर."

"टाइम हो गया. उधर कोई रिश्तेदार के पास बैठा होगा. गेट बंद करो. सुबह देखेंगे. ओव्हर."

"सर, कार्ड अपने पास है. धुंध है. उधर की गश्त ने पकड़ा तो बिना कागज का आदमी है. दस मिनट. ओव्हर."

सेट खरखरला.

"दस मिनट. ओव्हर अँड आऊट."

त्याने एक जवान बरोबर घेतला. मला म्हणाला, "ताला लगा. मेरी आवाज के बिना मत खोलना. पेटी मत छोड़ना." वीस पावलांवर दोघं दिसेनासे झाले. मी घड्याळ बघत राहिलो. मला काळजी करायची सवय आहे. घरीही मी कडी तीनदा बघतो. पाच वाजून सात, पाच वाजून बारा. पाच वाजून चौदा मिनिटांनी दोन राउंड वाजले.

काय झालं ते बरोबरच्या जवानाने नंतर सांगितलं. हरेन पाटात पडला होता, घोटा मुरगळला होता. सिराजुलने त्याला पाठीवर घेतलं. परत येताना मोहरीत दलालांची टोळी दबा धरून बसली होती. अंधार पडायची वाट बघत. धुक्यात ह्यांचा पाय त्यांच्यावर पडला. एकाने दाव, म्हणजे तिकडचा कोयता, चालवला. सिराजुलचे दोन्ही हात पाठीवरच्या म्हाताऱ्याला धरलेले होते. जवानाने दोन राउंड हवेत मारले तेव्हा ते पळाले.

आवाज आला, "सत्तावीस, खोलो." मी कुलूप काढलं. तो चालत आला. मानेपासून खांद्यापर्यंत चिरला होता. हरेन अजून त्याच्या पाठीवर होता. मी माझा स्वयंपाकाचा एप्रन काढून दाबून धरला. तो खाली बसला आणि म्हणाला, "टोकन ले लो. कार्ड दे दो." मी टोकन घेतलं. कार्ड दिलं. जीप आली. सहा वाजून दहा मिनिटांनी, दवाखान्याच्या अलीकडे, तो गेला.

रजिस्टरात एंट्री माझ्या हातची आहे. जमा एक्केचाळीस, परत एक्केचाळीस.

म्हणून सांगतो, मला बेकायदा येणाऱ्यांबद्दल राग शिकवू नका. ज्याने मला लिहायला शिकवलं त्याला त्यांच्याच दलालांनी कापलं. कायद्याने आलेला आणि कायदा मोडून आलेला यात फरक आहे. तो फरक राखायला मी पावसात, धुक्यात, हिवतापात उभा राहिलो आहे. इथे उमेळ्यात टाइल्सच्या बाकावर बसून जे बोलतात त्यांच्यातल्या एकालाही तो फरक कसा बघतात ते माहीत नाही. त्यांना लुंगी दिसते. त्यांना नाव ऐकू येतं. झालं.

वीस वर्षं भरून मी पेन्शनवर निघालो. गावाकडे पाणी नाही, काम नाही. ओळखीतून वसईत आलो. बायको आणि आई जतलाच. पापडीला एका वाडीत मागची खोली मिळाली. घरमालक लुईस काका. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "घाटी ना रे तू?"

"हो काका."

"दारू?"

"नाही."

"मग काय कामाचा फौजी. बरं, ये."

तिथेच राहतो. काकू रविवारी ताट पाठवतात. ह्या माणसांनी मला नुसता भाडेकरू मानलं नाही, हे मी विसरणार नाही. काका कधी कधी चिडवतात, "आमच्या वसईत बाहेरचे म्हणजे आधी तुम्ही लोक. मग भय्ये आले, तुमचा नंबर पुढे सरकला. तू आता आतला झालास." ते हसतात, मीही हसतो. पण त्यात खोटं काही नाही.

दर डिसेंबरला मी सिराजुलच्या गावी जातो. तो गेला त्या दिवसाला घरी कुराण वाचतात, शेजाऱ्यांना जेवण असतं. मी कोपऱ्यात बसतो आणि नंतर पोळ्या लाटतो. मागच्या वेळी रेहाना भाभी, त्याची बायको, म्हणाली की धाकट्या दिराला काम नाही, लतीफला. लादीचं काम चांगलं जाणतो. मी म्हटलं, "मेरे पास भेज दो, भाभी. मेरी जिम्मेदारी."

आमच्या टॉवरमध्ये दोन विंगमध्ये लोक राहायला आलेत, सी विंगचं काम चालू आहे. मी आलो तेव्हा कामगार कोण, किती, कोणालाच पत्ता नव्हता. मी शिस्त लावली. सकाळी कार्ड गेटवर जमा, टोकन घ्यायचं, संध्याकाळी उलट. कमिटी खूश झाली. सेक्रेटरी राणे साहेबांनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या. "याला म्हणतात मिलिटरी डोकं." कार्डं माझ्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, चावी माझ्या कमरेला. गार्ड कमांडरची चावी दुसऱ्याच्या हातात जात नाही. तसंच शिकलो होतो.

त्या मंगळवारी काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. काकांचा गुडघा दुखतो, म्हणून मी गेलो. अकराला गेटवरून निघालो. चावी कमरेला. दवाखान्यात फोन सायलेंट केला.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं की सी विंगमध्ये बांगलादेशी आहेत, फोनवर त्यांच्या भाषेत बोलतात. साडेअकराला लोक वर गेले. लतीफ सातव्या मजल्यावर बाथरूमची लादी बसवत होता. पुढचं त्याने आणि गेटवरच्या गार्डने सांगितलं तसं लिहितो.

"कार्ड दिखा."

"कार्ड गेट पे जमा है, साहेब. टोकन है मेरे पास."

"टोकन? मंदिरात चप्पल ठेवलीस काय?"

सगळे हसले. एकाने खाली गार्डला इंटरकॉम लावला. गार्ड नवा, तुळिंजचा, दहा दिवसांपूर्वी लागलेला. तो म्हणाला, ड्रॉवर बंद आहे, चावी सुपरवायझर साहेबांकडे, आत कोणाचं काय आहे मला माहीत नाही. वरती त्याचा अर्थ असा लावला की कार्ड नाहीच.

मग त्याला म्हणाले, राष्ट्रगीत म्हण. तो उभा राहिला, हाताचं सिमेंट लुंगीला पुसलं आणि म्हणाला. पूर्ण म्हणाला. त्याच्या शाळेत शिकवलं तसं, जॉनो गॉनो. त्यावर मोबाइल काढून शूटिंग केलं. "बघा, येतच नाही." ते गीत ज्या भाषेत लिहिलं गेलं ती त्याच्या घरातली भाषा आहे. त्या वीस-बावीस जणांतल्या निम्म्यांना दुसरी ओळ सांगता आली नसती.

त्याने हात सोडवायचा प्रयत्न केला तेव्हा मारायला सुरुवात झाली. एकाने बाथरूमचं दार त्याच्या उजव्या हातावर लावलं. तीन बोटं मोडली. मग पोलिसांना फोन केला. पोलीस आले, त्याला गर्दीतून काढून चौकीत नेलं. त्यांनी नेलं नसतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

बारा चाळीसला मी गेटवर आलो. गार्डने काय झालं ते सांगितलं. मी ड्रॉवर उघडला. कार्ड तिथेच होतं, टोकन नंबर चौदाच्या चिठ्ठीखाली. कार्डावरचा लतीफचा फोटो त्याच्या भावासारखा दिसतो. तोवर माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

चौकीत लतीफ बाकावर बसला होता. हाताला कोणीतरी रुमाल गुंडाळला होता. मला बघून उठला. मी कार्ड अधिकाऱ्यांसमोर ठेवलं. बरोबर सिराजुलच्या घरच्या पेन्शनच्या कागदाची माझ्या मोबाइलमधली कॉपी ठेवली. त्यांनी नीट वाचलं. लतीफच्या गावच्या ठाण्याला फोन लावला. उत्तर यायला साडेपाच वाजले. मधे त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"फौजी, तुम्ही ओरिजिनल काढून कशाला ठेवता? झेरॉक्स घ्यायची."

मी म्हटलं, "चूक झाली, साहेब."

चूक माझी होती. ती मी लपवत नाही. बॉर्डरवर पेटी घेतली तर पेटीशेजारी माणूस बसायचा, आणि कार्ड उरलं तर माणूस शोधायला कोणीतरी जायचं. मी पेटी आणली, कुलूप आणलं, आणि गेलो डॉक्टरकडे. पण माझ्या चुकीने लतीफच्या खिशातला कागद गेला. दार त्याच्या हातावर मी लावलं नाही.

रात्री नऊला प्लॅस्टर घालून त्याला माझ्या खोलीवर आणलं. दुसऱ्या दिवशी राणे साहेब केबिनमध्ये आले. नारळपाणी घेऊन.

"फौजी, मनाला लावून घेऊ नका. सावधगिरी म्हणून झालं. आजकाल कोण कुठून येतो कळत नाही. तुम्हाला तर जास्त माहीत."

मी म्हटलं, "साहेब, तुमचा मुलगा कसा आहे?"

"मस्त आहे. का?"

"व्हिसा वाढला का त्याचा?"

त्यांनी नारळ टेबलावर ठेवला. "ते वेगळं. तो लीगल गेलाय."

"गेला लीगल. दोन वर्षं झाली व्हिसा संपून. तुम्हीच लिफ्टपाशी सांगत होता, वकील म्हणतो गप्प बसा, काम करत राहा."

"अहो, तो शिकलेला मुलगा आहे. टॅक्स भरतो."

"तिथे त्याला कोणी सातव्या मजल्यावर गाणं म्हणायला लावलं तर?"

राणे साहेब म्हणाले, "तुम्ही फार पुढे जाताय." आणि गेले. नारळपाणी ठेवून गेले. मी ते गार्डला दिलं.

मला त्यांच्या मुलाचं वाईट चिंतायचं नाही. पोट भरायला घर सोडून गेलेल्या माणसाला काय वाटतं ते मला कळतं. पण हिशेब एक ठेवा. पोरगा व्हिसा संपून राहिला तर तो 'सेटल' झाला, आणि ज्याचा भाऊ ह्या देशाच्या गेटवर मेला तो घुसखोर. मग तुम्हाला कायदा नको आहे. तुम्हाला माणसं नको आहेत, तीही निवडून. मला फौजी म्हणून सलाम ठोकता तो वर्दीला नाही, माझ्या मराठीला आहे. सिराजुल त्या सातव्या मजल्यावर लुंगीत सापडला असता तर त्यालाही तुम्ही हेच विचारलं असतं.

कार्ड जमा करणं मी त्याच दिवशी बंद केलं. कमिटीने कारण विचारलं, मी लेखी दिलं. अजून उत्तर नाही.

लतीफ पाचव्या दिवशी गावी गेला. मी थांब म्हटलं नाही. थांब म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बोटं जुळतील, पण लादीची ओळ धरताना पूर्वीसारखी वळतील की नाही सांगता येत नाही. तो पोहोचला तेव्हा मी रेहाना भाभीला फोन केला.

"भाभी, चाबी मेरे पास थी."

"मालूम है. लतीफ ने बताया."

"गलती मेरी है."

फोनमध्ये मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आपने खाना खाया?"

"खाया."

"भाईसाब, इस साल मत आइए. अम्मा का दिल ठीक नहीं है. गाँव के लोग भी पूछेंगे, मैं क्या बोलूँगी."

मी म्हटलं, "जी." तिने फोन ठेवला.

पापडीला नोव्हेंबर लागताना लोक कबरी धुतात, फुलं आणि मेणबत्त्या लावतात. घरातल्या मेलेल्यांची नावं कागदावर लिहून चर्चमध्ये देतात. मिस्सात त्यांच्यासाठी प्रार्थना होते. काकू ओट्यावर बसून यादी करत होत्या. डोळ्यात औषध घातलेलं, अक्षर दिसत नव्हतं, म्हणून मला लिहायला बसवलं. त्यांचे आईवडील, दोन दीर, एक बाळ. मी लिहीत गेलो. शेवटी काकू म्हणाल्या, "तुझा तो दोस्त. त्याचं पण लिही."

"काकू, तो मुसलमान होता."

"मी विचारलं काय तुला? लिही."

मी लिहिलं, नायक सिराजुल मंडल. मग त्याखाली गाव लिहिलं, ठाणं, जिल्हा, राज्य, आणि शेवटी भारत.

काकूंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "एवढा पत्ता कशाला रे? देवाला माहीत असतं."

मी म्हटलं, "देवासाठी नाही, काकू. तसंच राहू दे."

त्यांनी कागदाची घडी केली आणि मिस्साच्या पुस्तकात ठेवली.